स्क्रिप्ट फॉन्ट वापरताना या चुका टाळा

स्क्रिप्ट फॉन्टचं, म्हणजे जोडून लिहिलेल्या हस्ताक्षरासारख्या फॉन्टचं, सगळं देखणेपण जोडांत असतं. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरात अलगद उतरते आणि हात न उचलता लिहिल्याचा भास होतो. हा भास बहुतेक वेळा आपल्याच हातून मोडतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. साध्या फॉन्टमध्ये हे अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवलं की शीर्षक ऐसपैस दिसतं, म्हणून तीच सवय इथेही वापरली जाते. डिझाइन 400 टक्के झूम करून बघा. अक्षराची बारीक रेघ पुढच्या अक्षरापर्यंत पोचायच्या आतच संपलेली दिसेल. ट्रॅकिंग शून्यावर आणा. देवनागरी असेल तर शिरोरेषाच तुटते, त्याला झूमही लागत नाही.

ट्रॅकिंग शून्य आहे, तरी जोड बिघडलेत? मग अक्षरांना बाहेरून स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, दिलाय का ते पाहा. या फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात, त्यामुळे स्ट्रोक देताच प्रत्येक जोडावर आडवी रेघ उमटते. मजकूर आउटलाइनमध्ये (म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांमध्ये) बदला आणि ते आकार युनाइट करा, म्हणजे अख्खा शब्द एक आकार होतो. कटिंग प्लॉटरवर, म्हणजे ब्लेडने विनाइलची अक्षरं कापणाऱ्या यंत्रावर, पाठवायचं असेल तर हे केल्याशिवाय फाइल देऊच नका. ब्लेड प्रत्येक जोडावरून फिरतं आणि विनाइलचे तुकडे हातात येतात. मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा.

इंग्रजी नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहिणं ही मला सर्वात खटकणारी चूक. या कॅपिटल अक्षरांचे झोकदार फाटे शब्दाच्या सुरुवातीसाठी काढलेले असतात. सलग सहा-सात आले की नुसता गुंता होतो. स्क्रिप्ट फॉन्टपैकी मॅथ्यू कार्टर यांचा 1966 चा स्नेल राउंडहँड घ्या किंवा हर्मन झाप्फ यांचा 1998 चा झाप्फिनो, पहिलंच अक्षर मोठं ठेवा.

झाप्फिनोसारख्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची अनेक रूपं असतात. 'लेटर' या इंग्रजी शब्दातले दोन्ही टी हुबेहूब सारखे आले तर ते हाताने लिहिलेलं वाटत नाही. सॉफ्टवेअरच्या ओपनटाइप पॅनेलमध्ये कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स (शेजारच्या अक्षरांनुसार बदलणारी रूपं) आणि लिगेचर्स (जोडून काढलेली अक्षरं) चालू आहेत ना, ते तपासा.

मराठी मजकुराला इंग्रजी स्क्रिप्ट फॉन्ट लावला तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट वापरतं किंवा चौकोन दाखवतं. फॉन्टमध्ये देवनागरी आहे का ते आधी बघा. कलम या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत, पण त्याचं वळण रोजच्या हस्ताक्षराचं आहे, राउंडहँड या नाजूक, गोलाईदार इंग्रजी लेखनशैलीचं नाही.

नाव, लोगो, निमंत्रणाची एखादी ओळ, प्रमाणपत्रावरचं शीर्षक इथे हा फॉन्ट खुलतो. पत्ता, तारीख, फोन नंबर साध्या फॉन्टमध्येच द्या. शेजारी दुसरा स्क्रिप्ट फॉन्ट नको.

छपाईत बारीक रेघांचा घात होतो. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर शाई पसरून त्या बुजतात. आकार वाढवा किंवा जाड वजनाचा फॉन्ट घ्या. मग खऱ्या मापात एक प्रिंट काढा आणि ते नाव माहीत नसलेल्या माणसाला हातभर अंतरावरून वाचायला सांगा. तो अडखळला तर फॉन्ट बदला.