जुना फौजी अफसरी ड्रेस नेमका कोणाचा, हे कसं शोधायचं

ड्रेस कुठं मिळतात हे सांगत बसत नाही, विदर्भात गावोगावी फौजींची घरं आहेत, माळ्यावर लोखंडी पेटी असतेच. घरच्यांची मर्जी असेल तरच घ्या. पेटीत काडतूस निघालं तर हात न लावता पोलीस पाटलाला सांगा. अन् ड्रेस घालून मिरवू नका, फौजी असल्याचं भासवणं गुन्हा आहे.

खरी डोकेदुखी म्हणजे ओळख पटवणं. घरचे म्हणतील, "आजोबा मेजर होते जी." राजेहो, आपल्याकडं सुभेदार मेजरही मेजरच, अन् कुठं कुठं तर हवालदारही! सुभेदार मेजर अफसरांच्या खालच्या वर्गातला, पण त्याच्या अन् खऱ्या मेजरच्या, दोघांच्याही खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात, पण सुभेदार मेजरच्या सिंहांखाली लाल-पिवळी-लाल फीत असते, अफसराच्या नसते. फीत निघून गेली असेल तर तिथल्या कापडाचा रंग कमी उडालेला दिसतो, तिरप्या उजेडात धरून पाहा. सिंहांच्या आजूबाजूला तीन ताऱ्यांची जुनी भोकं एका ओळीत दिसली तर बहुतेक तोच ड्रेस कॅप्टन असताना वापरून पुढं मेजरकीला चालवलाय, असा ड्रेस मला कडक इस्त्रीच्या कोऱ्यापेक्षा शंभर पट आवडतो. सिंहांऐवजी मुकुट असेल तर तो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा.

म्हणूनच सांगतो, आल्या आल्या धुऊ नका, ड्राय क्लीनला तर बिलकुल देऊ नका, पितळेला पॉलिश लावू नका. धुवायचे, पॉलिश करायचे सल्ले लोक काहून देतात देव जाणे, सगळा पुरावा त्यातच जातो. अफसर लोक ड्रेस शिंप्याकडून शिवून घेत, त्यामुळं आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी अन् कधी कधी नावही सापडतं.

मग छातीवरच्या रिबनी, म्हणजे मेडलच्या रंगीत पट्ट्या. रक्षा मेडल ५ ऑगस्ट १९६५ ला नोकरीत असणाऱ्यांना, १९७१ चा पूर्वी स्टार पूर्वेच्या आघाडीचा, पश्चिमी स्टार पश्चिमेचा, अन् स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांचं. आता घरचे म्हणतात आजोबा ६५ ची लढाई करून लगेच रिटायर झाले अन् छातीवर ७२ ची रिबन आहे, तर एकतर आठवण चुकली किंवा ड्रेस दुसऱ्याचा, किंवा विकणाऱ्यानं दोन पेट्यांचा माल जोडलाय. जोडलेला माल मी फुकटातही घेत नाही.

रिबनीवर नाव नसतं, म्हणून गोल मेडलचा काठ भिंगानं वाचा, तिथं नंबर, हुद्दा, नाव ठोकलेलं असतं. नंबराच्या सुरुवातीची अक्षरं पाहा: आयसी म्हणजे कायम कमिशन (अफसर म्हणून नेमणूक), एसएस शॉर्ट सर्विस, ईसी बहुतेक ६२ च्या लढाईनंतरचं इमर्जन्सी कमिशन. नंबर जेसीनं सुरू झाला तर माणूस सुभेदार वर्गातला, मग घरचे कितीही मेजर म्हणोत. पेन्शनच्या पीपीओवरही, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरही, नंबर मिळतो.

नंबर मिळाला की बाकी सोपं. भारताच्या राजपत्रात भाग १, खंड ४ मध्ये अफसरांची कमिशन, बढती यांच्या नोंदी शोधा, अन् सैन्याकडं सर्विसची माहिती मागायची तर अर्ज वारसाच्या सहीनंच टाका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारलं तर पत्ता नीट मिळतो.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत बुरशी धरते. धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळा, डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका, अन् घरच्यांनी जे सांगितलं ते तारीख घालून त्यांच्याच शब्दांत लिहून त्याच पेटीत टाका, चुकीचं असलं तरी.