जुन्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्या: धुण्याआधी काय वाचायचं

तालुक्याच्या गावातलं दोन-तीन पिढ्यांचं औषधाचं दुकान आवरायला काढलं की पहिली बादली येते ती बाटल्या धुवायला. नेमकं तेच शेवटी करायचं. बाटली आणि तिच्यातलं औषध सहसा एका वयाचं नसतं. मिक्श्चर दुकानातच बनवण्याच्या काळात फळीवरची बाटली वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भरली जायची आणि गिऱ्हाईक आपली बाटली घरून घेऊन यायचं. काच फार तर बाटली कधीपासून असू शकते ते सांगते. दुकानाचा इतिहास लेबलात, फळीवरच्या क्रमात आणि चोपड्यांत असतो. धुण्यात पहिल्या दोन गोष्टी जातात.

म्हणून आधी प्रत्येक फळीचा समोरून फोटो घ्या. बाटलीला दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधून तिच्यावर पेन्सिलने कपाट, फळी आणि जागा लिहा (क-३-१२ असं). चिकटपट्टी लावू नका, काढताना ती लेबलाचा रंग घेऊन जाते.

भरलेल्या बाटल्या वेगळ्या काढायच्या, पण काही जागच्या हलवायच्याही नाहीत. पिवळ्या स्फटिकांचं पिक्रिक ॲसिड पूर्वी भाजलेल्या जखमेवर वापरत. ते कोरडं पडून झाकणाच्या आट्यांत अडकलं असेल, तर झाकण फिरवताना होणाऱ्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइड ही स्फोटक संयुगं तयार होतात. बुचाभोवती पांढरे खडे दिसले तर हात लावू नका. उजेडात राहिलेल्या क्लोरोफॉर्मपासून फॉस्जीन हा विषारी वायू होतो, म्हणून हुंगून ओळखायचा प्रयत्न कुठल्याच बाटलीवर नको. कुलुपाच्या कपाटात स्ट्रिक्नीन, आर्सेनिकचं द्रावण किंवा पाऱ्याची संयुगं मिळू शकतात. अफूचा अर्क किंवा मॉर्फीन सापडलं तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी कळवा, कारण ते १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येतं. बाकी रसायनांसाठी जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला विचारा. मोरीत काहीही ओतू नका, आणि भरलेली बाटली भंगारात तर मुळीच नको.

आता लेबलं. फळीवरच्या गोल खांद्याच्या बाटल्यांवर लॅटिनची आखूड रूपं असतात: ‘टी आर’ म्हणजे टिंक्चर (मद्यार्कातला अर्क), ‘लिक्’ द्रावण, ‘पल्व्ह’ पूड, ‘उंग’ मलम, ‘ओ एल’ तेल, ‘मिस्ट’ मिक्श्चर. यावरून दुकानात काय तयार व्हायचं ते कळतं. काळ मात्र छापील लेबलातल्या बारीक गोष्टींनी ठरतो. औषधाच्या नावापुढे ‘आय.पी.’ असेल तर ते १९५५ नंतरचं, कारण भारतीय औषधसंहिता त्या वर्षी आली, नुसतं ‘बी.पी.’ (ब्रिटिश औषधसंहिता) आधीचंही असेल, नंतरचंही. किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीची, ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. सांगली, कोल्हापूर, औंध यांच्यापुढे ‘संस्थान’ असेल तर विलीनीकरणाच्या आधीचं. औंस आणि ड्रामच्या जागी मिलिलिटर दिसू लागले की साठचं दशक समजावं. (१ औंस म्हणजे ८ ड्राम, २८.४ मिलि. औषध मोजायचा जुना मेजर ग्लास हाताशी असेल तर हे लागतंच.)

गिऱ्हाइकाच्या बाटलीवर लेबलाशेजारी कडेला दातेरी कागदी पट्टी चिकटवलेली दिसली तर ती जपा. कंपाउंडर ती कात्रीने कापायचा. जितके दात तितके डोस. अशा पट्ट्या ओल्या फडक्याने एका पुसण्यात जातात.

काचेकडे वळा. साच्याची शिवण बोटाने वर वर चाचपा. विलायती बाटलीत ती ओठाच्या खालीच थांबली तर ओठ हाताने केलेला. ओठावरून पार गेली तर यंत्राची. ओवेन्स यांचं बाटल्या करणारं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं, म्हणजे यंत्राची बाटली त्याच्या नंतरची. देशी बाटलीला हा नियम लावू नये, इथे फुंकून काम बराच काळ चालू राहिलं. तळाशी तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचं नाव मिळालं तर १९०८ नंतरची, ओगलेवाडीच्या काच कारखान्याचं मिळालं तर १९१६ नंतरची. फिक्या जांभळ्या काचेत मँगनीज असतं आणि उन्हाने तो रंग चढतो. अशी काच बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीची. बाजारात गडद जांभळी मिळते ती बरेचदा किरण देऊन रंगवलेली असते, तिच्या जास्त किमतीला भुलू नका. सहा पैलूंच्या किंवा उभ्या रेघांच्या निळ्या-हिरव्या बाटल्या विषासाठी असत, अंधारात हाताला कळावं म्हणून.

सगळी नोंद झाली की धुवा, पण फक्त रिकाम्या आणि बिनलेबलाच्या. आत विष होतं असं माहीत असेल, तर तीही धुवायची नाही. लेबल असलेली बाटली मऊ कोरड्या ब्रशने झटकायची, बस. धुवायला कोमट पाणी, साबणाचे दोन-चार थेंब आणि मूठभर कच्चे तांदूळ आत घालून गोल फिरवा. वाळू चालत नाही, ओरखडे पडतात. क्षाराची पांढरी पुटं असतील तर पेलाभर पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड रात्रभर. ब्लीच यात कधीही मिसळू नका, क्लोरीन सुटतो. तरीही धुरकट राहिली तर ती घाण नाही: वर्षानुवर्षं ओल राहून काचच खाल्ली गेलेली असते, ती धुऊन जात नाही. गरम पाणी थेट ओतलं की जाड तळ तडकतो.

काचेचं बूच घट्ट बसलं असेल आणि बाटली रिकामी असेल, तर सांध्यावर ग्लिसरीनचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. मग गरम पाण्यात पिळलेली फडक्याची पट्टी फक्त मानेभोवती गुंडाळा. मान आधी फुगते, बूच थंड असतं तोवर लाकडी दांड्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी हलकेच ठोका. पक्कड लावलीत की मान तुटलीच. कॉस्टिक सोडा किंवा पोटॅशची बाटली असेल तर प्रयत्न सोडा, अल्कलीने बूच काचेशी जुळून गेलेलं असतं. निघालेलं बूच त्याच बाटलीशी दोऱ्याने बांधा. ती जोडीने घासलेली असतात आणि दुसऱ्या मानेत नीट बसत नाहीत. ठेवून देताना बूच घट्ट दाबू नका, मध्ये पातळ कागदाची एक पट्टी घाला.