मुंडगोडच्या तिबेटी मठांत जाताय? या चुका टाळा

कोल्हापुरातून शिरसी, जोग धबधब्याकडे निघालेली मंडळी हल्ली वाटेत मुंडगोडला थांबतात. हुबळीपासून साधारण तासाभराचा रस्ता. पण नीट माहिती न घेता गेलं, की अर्ध्या तासात फोटो काढून परत फिरायची वेळ येते, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

पहिली गडबड घरातच होते. मोबाइलवर ‘गोल्डन टेंपल’ टाकलं, तर नकाशा म्हैसूर जिल्ह्यातल्या बैलकुप्प्याचा तिबेटी मठ दाखवू शकतो. तो पार दक्षिणेला. मुंडगोड उत्तर कन्नड जिल्ह्यात. तेव्हा ‘ड्रेपुंग लोसेलिंग’ किंवा ‘गादेन’ अशी इथल्या मठांची नावं शोधा. तिथं पोहोचून रस्ता चुकलात, तर लामा कॅम्प, म्हणजे मठांची वस्ती, विचारा : एक नंबरला गादेन, दोनला ड्रेपुंग.

दुसरी चूक म्हणजे हे पर्यटनस्थळ समजणं. ल्हासाजवळचा ड्रेपुंग मठ 1416 सालचा. 1959 नंतर तिबेट सोडून आलेल्या भिक्खूंनी तो इथं नव्यानं उभा केला. इथली वसाहत 1966 ची. म्हणजे हे एकाच वेळी विद्यापीठही आहे आणि लोकांचं घरही. भिक्खूंच्या बैठकीच्या गाद्यांवर बसू नका, कापडात गुंडाळलेल्या पोथ्यांना हात लावू नका. कुणाचा जवळून फोटो हवा असेल तर आधी विचारा; हिंदी बऱ्याच जणांना येतं.

अंगणात एक भिक्खू उभा राहून टाळी वाजवतो, पाय आपटतो, बसलेल्यावर ओरडतो. भांडण लागलं असं वाटून आपली पोरं हसतात. तो वादविवादाचा तास असतो. उभा असलेला प्रश्न टाकतो, बसलेल्यानं उत्तर द्यायचं. भाषा कळली नाही तरी कडेला बसून वीस मिनिटं बघा. माझ्या मते अख्ख्या मुंडगोडात याहून पाहण्यासारखं काही नाही.

आत गेल्यावर पिवळी टोकदार टोपी घातलेली मूर्ती दिसली, की ‘हे कुठले बुद्ध?’ म्हणून गोंधळ होतो. ते गुरू त्सोंगखापा. गादेनची स्थापना 1409 मध्ये त्यांनीच केली. खांद्याशी कमळावर तलवार आणि पोथी दिसली की ओळख पक्की.

आपल्या विहारांतली पाली वंदना इथं ऐकू येणार नाही, पठण तिबेटीत चालतं. म्हणून हिरमुसून बाहेर पडू नका. त्रिशरण मनातल्या मनात म्हणा, कुणी अडवत नाही. अंबाबाईला जाताना घेतो तसा नारळ, हळदकुंकू मात्र नेऊ नका. दिवा लावायचा असेल तर तिथल्या भिक्खूंना विचारा. प्रार्थनाचक्रं उजव्या हातानं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा. स्तूपाची प्रदक्षिणाही तशीच.

मुख्य सभागृहाला कुलूप दिसलं तर दार वाजवत बसू नका. जवळच्या भिक्खूला ‘ताशी देलेक’ (तिबेटी नमस्कार) म्हणा आणि कधी उघडेल ते विचारा. तोवर कॅम्पातल्या एखाद्या हॉटेलात गरम थुक्पा, म्हणजे तिबेटी नूडल्सचं सूप, घ्या.