मनिलातल्या हॅकेथॉनची तयारी: कोड लिहिण्याआधीचं काम

नोकरीनिमित्त फिलिपिन्समध्ये, मनिला महानगरातल्या मकातीत नवीन आलेली मराठी मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात: नासाच्या स्पेस ॲप्स या हॅकेथॉनला, म्हणजे दोन दिवसांत प्रकल्प उभा करायच्या स्पर्धेला उतरायचंय, तर ॲपसाठी रिॲक्ट हे फ्रेमवर्क घेऊ की फ्लटर? मी काही वर्षं मनिलात सॉफ्टवेअरचं काम करते आणि ऑक्टोबरात इथल्या कॉलेजच्या टीमना मार्गदर्शन करते. माझं उत्तर ठरलेलं असतं. तुम्ही बनवणार ते वापरणार कोण आणि त्याच्या हातात कुठला फोन आहे, ते आधी ठरवा. फ्रेमवर्कचं त्यानंतर बघता येईल.

नासाने ही स्पर्धा 2012 मध्ये सुरू केली. जगभर एकाच शनिवार-रविवारी, तीच आव्हानं घेऊन हजारो टीम बसतात. एका टीममध्ये जास्तीत जास्त सहा जण. उपग्रहांचा डेटा खुला असतो, तुम्ही लिहिलेला कोडही खुला ठेवावा लागतो. परीक्षक प्रभाव, कल्पकता, शास्त्रीय खरेपणा, आव्हानाशी सुसंगती आणि मांडणी बघतात. नासाकडून रोख बक्षीस नसतं. स्थानिक फेरीतून निवडलेल्या टीम जागतिक फेरीत जातात.

या जागतिक फेरीत फिलिपिन्सने जे जिंकलंय ते नीट बघा, कारण शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे. 2018 मध्ये मनिलाच्या फेरीतून गेलेल्या टीमला जगातलं ‘गॅलॅक्टिक इम्पॅक्ट’ हे पारितोषिक मिळालं. त्यांच्या प्रकल्पाचं नाव इस्दाॲप. हवामानाची आणि समुद्राची शास्त्रीय माहिती त्यांनी लहान मच्छीमारांपर्यंत साध्या एसएमएसने पोचवायचं ठरवलं, तेही इंटरनेटशिवाय. साडेसात हजारांहून जास्त बेटांचा हा देश, मच्छीमार इथल्या सर्वांत गरीब वर्गांपैकी एक, आणि होडी किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाइल डेटाचा भरवसा नाही. एसएमएस मात्र इथे घराघरात मुरलेला. जानेवारी 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांविरुद्ध एद्सा रस्त्यावर लाखो लोक जमले, ते एकमेकांना मेसेज पाठवतच. म्हणजे या टीमने नवीन तंत्र शोधलं नाही. आपल्या माणसाच्या हातात आधीपासून काय आहे, ते ओळखलं. मला या निवडीचं फार कौतुक वाटतं.

पण ‘एसएमएस पाठवू’ म्हणणं सोपं, त्यात खाचाखोचा बऱ्याच. साध्या रोमन अक्षरांच्या एका मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात. टगालोग किंवा सेबुआनो या इथल्या भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे इथल्या टीमना ही मोकळीक मिळते. पण मजकुरात एक इमोजी किंवा वर्ड फाइलमधून आलेलं एक वाकडं अवतरणचिन्ह शिरलं, की अख्खा मेसेज युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या अक्षरसंचात) जातो आणि मर्यादा येते 70 वर, म्हणजे एकाऐवजी दोन-तीन मेसेजचे पैसे पडतात. टगालोगमध्ये बोलीभाषेतली जोडरूपं लिहिताना वरचा स्वल्पविराम सारखा लागतो, त्यामुळे हे डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं. मी मार्गदर्शन केलेल्या एका टीममधल्या मुलीने रात्री यासाठी छोटी तपासणी लिहिली: मेसेज निघण्याआधी प्रत्येक अक्षर बघायचं, वाकडं चिन्ह दिसलं की सरळ करायचं. जेमतेम दहा-बारा ओळींचा कोड. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले, कारण प्रत्यक्ष पैसे आणि भरवसा दोन्ही तिथे वाचत होते.

हेच कोकणातल्या मच्छीमारांसाठी देवनागरीत करायचं तर 70 चीच मर्यादा धरून चाला. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘उद्या समुद्रात जाऊ नका’ एवढ्यालाच 22 जागा लागतात. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, तालुका, वेळ हे उरलेल्या 48 मध्ये बसवायचं. हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांसाठी स्थानिक भाषांत सूचना देतेच, म्हणून भारतात बसून यावर काम करणाऱ्यांनी आधी त्या सूचना वाचाव्यात.

दुसरं उदाहरण 2019 चं. त्या वर्षी फिलिपिन्समध्ये डेंग्यूने कहर केला, ऑगस्टमध्ये सरकारने राष्ट्रीय साथ जाहीर केली आणि वर्षभरात रुग्णांची संख्या चार लाखांच्या वर गेली. त्याच वर्षी मनिलाच्या सिरोलिटिक्स कंपनीच्या टीमने एडीस नावाचा प्रकल्प मांडला: उपग्रहचित्रांवरून झाडोरा आणि साचलेलं पाणी ओळखायचं, त्याला रुग्णांची आकडेवारी आणि लोक गूगलवर काय शोधतायत ते जोडायचं, आणि डासांची पैदास कुठे होत असेल याचा अंदाज बांधायचा. ‘डेटाचा सर्वोत्तम वापर’ हे जागतिक पारितोषिक त्यांना मिळालं. डेटा सगळा खुलाच होता. अवघड होतं ते तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती एकाच नकाशावर, एकाच आठवड्याच्या मापात आणणं. नवीन टीमचा पहिला दिवस यातच जातो, म्हणून स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात डेटा उतरवून, उघडून, त्यात रिकामे रकाने किती आहेत ते बघून ठेवा. नियमांना धरूनच करा. अभ्यास आधी करायला कुणाची आडकाठी नसते.

फिलिपिनो टीममध्ये तुम्ही एकटेच मराठी असाल तर थोडं टीमच्या वागण्याबद्दल. इंग्रजी सगळ्यांचं उत्तम असतं, पण रात्री वाद रंगला की बोलणं आपोआप टॅगलिशमध्ये, म्हणजे टगालोग-इंग्रजीच्या मिश्रणात जातं. अडवू नका, पाच मिनिटांनी एखाद्याला सारांश सांगायला सांगा. वयाने मोठ्या मुलाला ‘कुया’ आणि मुलीला ‘आते’ म्हणतात, आणि माझा अनुभव असा की कुयाने एकदा काही ठरवलं की धाकटी मुलं चारचौघांत विरोध करत नाहीत. ‘सगळ्यांना चालेल ना?’ विचारलंत तर उत्तर ‘हो’ असंच येणार. म्हणून एकेकाला बाजूला घेऊन ‘यात तुला काय खटकतंय?’ असं विचारा. आपल्याकडची जोरात बोलायची सवय मात्र दाराबाहेर ठेवा, तिथे तो राग वाटतो.

जेवणाचंही सांगते. आयोजक भात आणि पान्सित (नूडल्स) भरपूर देतात, पण भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा कोलंबीची आंबवलेली चटणी असते. शाकाहारी असाल तर अर्जात स्पष्ट लिहा आणि सोबत डबा असू द्या. ऑक्टोबर हा वादळांचा महिना, तेव्हा ऐनवेळी सगळं ऑनलाइन करावं लागलं तर कोण कुठून काम करणार तेही आधी बोलून घ्या.

मांडणीसाठी रविवारची सकाळ राखून ठेवा. गेल्या काही वर्षांत जागतिक फेरीसाठी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ किंवा सात स्लाइड मागितल्या गेल्या आहेत. यंदाचा नियम स्वतः वाचून घ्या. अर्ध्या मिनिटात तंत्रज्ञान समजावत बसलात तर माणूसच राहून जातो. पहिल्या वाक्यात तुमचा मच्छीमार किंवा आरोग्यसेविका यायला हवी, दुसऱ्या वाक्यात तिची अडचण. ॲप दिसलं पाहिजे, अर्धवट असलं तरी चालतं पण खरं असावं. जे अजून चालत नाही ते चालतंय असं दाखवू नका. परीक्षक बहुतेक त्याच क्षेत्रातले असतात, त्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

नोंदणी फुकट असते आणि स्पर्धेच्या संकेतस्थळावरच होते. विद्यार्थी असायची अटही नाही. मनिलाला येणं जमत नसेल तर आपापल्या शहराजवळची स्थानिक फेरी यादीत शोधा, जवळपास नसेल तर ऑनलाइन भाग घ्या. टीम आधी जमली नसेल तरी एकट्याने नाव नोंदवा, संकेतस्थळावर टीम शोधणारे इतरही असतात. आणि कुणाबरोबर जाणार याचा विचार करताना टीममध्ये एक तरी माणूस असा घ्या, जो कोड लिहीत नाही पण मासे, शेती किंवा दवाखाना आतून ओळखतो.