लाळ, स्टार्च आणि तापमान : प्रयोगातल्या या चुका टाळा

विकरांवर (एन्झाइमवर) तापमानाचा परिणाम दाखवायला शाळा-कॉलेजात लाळेतलं स्टार्च पचवणारं विकर अमायलेज आणि 1 टक्का स्टार्चचं द्रावण वापरतात. स्टार्च आयोडीनने निळं होतं; ते पचलं की निळा रंग येत नाही. खानदेशात पहिला घोळ ‘कक्ष तापमान’ या शब्दानेच होतो. पुस्तकाच्या मनात 25 अंश असतात. जळगाव-भुसावळकडे मार्चअखेरच्या दुपारी प्रयोगशाळाच 36-38 अंशांवर असते, आणि अमायलेजला 37 च मानवतं. मग कक्षातली नळी आणि 37 अंशांच्या वॉटर बाथमधली नळी, दोन्हींचा निळा रंग बरोबरच जातो अन् मुलं लिहितात, ‘तापमानाचा परिणाम होत नाही’. बीकरमध्ये माठातलं पाणी घ्या, लागेल तसा बर्फ टाकून 25 अंश राखा. तापमापी नळीत बुडवा. बीकरचा आकडा नळीचा नसतो.

लाळ तशीच ओतू नका. चूळ भरून गोळा केलेली 1 मिली लाळ 9 मिली पाण्यात मिसळा. पाण्यात 100 मिलीला अर्धा ग्रॅम मीठ असू द्या, कारण अमायलेजला क्लोराइड लागतं. तरीही 37 अंशांवर मिनिटभरात काम उरकलं, तर आणखी पातळ करा. नाहीतर फरक मोजणार कशात?

स्टार्च आणि लाळ वेगवेगळ्या नळ्यांत 5 मिनिटं त्याच तापमानाला ठेवा, मगच एकत्र करा. गार स्टार्चमध्ये लाळ घालून नळी 80 अंशांच्या पाण्यात ठेवली, तर तापेपर्यंत वाटेत 40-50 अंशांवर बरंच पचन होऊन जातं.

सर्वांत फसवी चूक आयोडीनची. गरम नळीत थेट आयोडीन घातलं की निळा रंग दिसतच नाही. स्टार्च पचलं म्हणून नव्हे; उष्णतेने आयोडीन स्टार्चच्या साखळीतून सुटतं म्हणून. तीच नळी गार केली की निळा रंग परत येतो! म्हणून दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या टाइलवर घ्या, गार होऊ द्या, मग त्यावर आयोडीन टाका. निळा, मग तांबूस, शेवटी आयोडीनचाच पिवळसर रंग दिसला की थांबा.

बर्फातली नळी निळीच राहिली म्हणून ‘विकर नष्ट झालं’ असं लिहू नका. तीच नळी 37 अंशांवर आणा, थेंब घेत राहा. निळा रंग जाऊ लागेल. लाळ 5 मिनिटं उकळून केलेली नळी मात्र 37 वर आणून तासभर ठेवली तरी निळीच.