स्किनच्या रोगांची नावं वाचताना या चुका टाळा, नाहीतर भलतीच ट्यूब लावून बसाल

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किंवा बायॉप्सीच्या रिपोर्टवर एखादा लांबलचक शब्द दिसला की आपण पहिलं काय करतो, तर मोबाईल काढून तो सर्चला टाकतो, आणि मग जे फोटो समोर येतात ते बघून झोप उडते. स्किनच्या बाबतीत हे जरा जास्तच होतं, कारण रोग डोळ्यांना दिसतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की आपण फोटो जुळवून नाव काढू आणि नाव सापडलं की औषध सापडलंच. गडबड नेमकी इथे आहे. त्वचारोगांची बरीचशी नावं रोग कसा दिसतो एवढंच सांगतात, तो कशामुळे झालाय हे त्यात नसतंच.

याला कारण आहे. रॉबर्ट विलन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी त्वचारोगांची पद्धतशीर विभागणी केली, आठ गट पाडले, आणि ते सगळे दिसण्यावरून, म्हणजे पुरळ, खवले, पाण्याचे फोड, पू भरलेले फोड, डाग असे. त्या काळात जंतूंमुळे रोग होतात हेच सिद्ध झालेलं नव्हतं, मग दुसरं करणार तरी काय. पुढे कारणं सापडत गेली पण नावं तशीच राहिली आणि ती आजही आपल्या चिठ्ठीवर येतात.

नावातलं कारण खरं धरू नका

सगळ्यात फसवं नाव म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस. पुढे मायकोसिस, मागे फंगॉइडिस, कोणीही म्हणेल की ही बुरशी आहे, एखादी अँटिफंगल लावली की काम झालं. पण बुरशीचा इथे काडीचाही संबंध नाही, हा टी पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा स्किनमध्ये होणारा लिम्फोमा आहे, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, बहुतेक वेळा खूप सावकाश चालणारा. 1806 मध्ये फ्रेंच डॉक्टर अलिबेर यांनी ज्या रुग्णाचं वर्णन केलं त्याच्या गाठी अळंबीसारख्या दिसत होत्या, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

पायोजेनिक ग्रॅन्युलोमाची तर आणखी मजा, नावाचे दोन्ही भाग चुकीचे. त्यात पू तयार होत नाही आणि तो ग्रॅन्युलोमाही (म्हणजे दाहाच्या पेशींचा गोळा) नाही, बारीक रक्तवाहिन्यांची लालभडक वाढ असते, कॅन्सर नसतो, पण जरा धक्का लागला की भळाभळा रक्त येतं. सेबोरिक केराटोसिसचा तेलग्रंथींशी संबंध नाही, उतारवयात येणारे ते तपकिरी खडबडीत, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे डाग निरुपद्रवी असतात. आता त्याच आडनावाचा ॲक्टिनिक केराटोसिस घ्या, तो उन्हाने वर्षानुवर्षं झालेल्या नुकसानीतून येतो आणि त्यातले काही पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतात, म्हणून डॉक्टर तो काढून टाका म्हणतात. म्हणजे आडनाव एक आणि स्वभाव पूर्ण वेगळा. ल्युपसचं पण तेच, ल्युपस व्हल्गॅरिस म्हणजे स्किनचा टीबी आणि ल्युपस एरिथेमॅटोसस म्हणजे स्वतःचीच इम्युनिटी स्वतःवर उलटण्याचा आजार, दोघांची ट्रीटमेंट एकमेकांच्या जवळपाससुद्धा नाही. नुसतं ल्युपस एवढंच सर्च केलं तर तुम्ही कुठे जाऊन पोचाल सांगता येत नाही, त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव पूर्ण वाचा, अर्धं नाही. आणि हो, व्हल्गॅरिस म्हणजे अश्लील वगैरे काही नाही, नेहमी आढळणारा एवढाच अर्थ, ॲक्ने व्हल्गॅरिस म्हणजे साध्या तारुण्यपीटिका.

शेपट्या नीट वाचा

आयटिस म्हणजे इन्फेक्शन हा गैरसमज इतका पक्का आहे की डर्मटायटिस लिहिलेलं दिसलं की लोक घरात पडलेली अँटिबायोटिक सुरू करतात. आयटिस म्हणजे दाह, सूज, लाली. तो जंतूंमुळे होऊ शकतो तसा साबणाने, निकेलच्या दागिन्याने किंवा कशानेच नाही असाही होऊ शकतो. ॲटॉपिक डर्मटायटिस हा काही कोणाकडून लागलेला आजार नाही, मुलाला तो आहे म्हणून त्याचा टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही. एक्झिमा आणि डर्मटायटिस हे शब्द डॉक्टर बऱ्याचदा एकाच अर्थाने वापरतात, त्यामुळे एका चिठ्ठीवर एक्झिमा आणि दुसऱ्या चिठ्ठीवर डर्मटायटिस दिसलं की लगेच डॉक्टर बदलला तसा रोगही बदलला असं समजू नका.

ओमा म्हणजे कॅन्सर, ही दुसरी भीती. लायपोमा ही चरबीची साधी गाठ, हिमॅटोमा म्हणजे नुसतं साकळलेलं रक्त, आणि मेलॅनोमा मात्र खरोखर गंभीर. शेपटी एकच, त्यामुळे शेपटीवरून काहीच ठरवता येत नाही. ऑइड म्हणजे सारखा दिसणारा, म्हणून पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन वेगळे आजार, पहिल्यात फोड स्किनच्या वरच्या थराच्या आतच तयार होतात म्हणून लगेच फुटतात, दुसऱ्यात वरच्या थराच्या खाली म्हणून टणक राहतात आणि हा बहुतेक म्हाताऱ्या माणसांना होतो. केराटोसिस आणि केरटायटिस यात तर नुसत्या शेपटीने तुम्ही स्किनवरून थेट डोळ्यात जाता, केरटायटिस म्हणजे डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची सूज.

रिपोर्टमधला लीजन हा शब्द सुद्धा उगाच बदनाम आहे. साध्या तिळालाही लीजन म्हणतात, मुरमालाही, स्किनचा जो भाग बाजूच्या स्किनपेक्षा वेगळा दिसतोय तो लीजन. क्रॉनिक म्हणजे गंभीर नाही, बराच काळ चाललेला. अर्टिकेरिया, म्हणजे अंगावर उठणारं पित्त, सहा आठवड्यांच्या वर गेला की त्याला क्रॉनिक म्हणतात, बस.

गजकर्ण की इसब, इथली चूक सगळ्यात महागात पडते

बाकीच्या चुकांनी फार तर भीती वाटते, ही चूक मात्र अंगावर पसरते. गजकर्ण किंवा नायटा म्हणजे टिनिया, ही बुरशी आहे, ती स्किनमधल्या केराटिन नावाच्या प्रोटीनवर जगते. इंग्रजीत तिला रिंगवर्म म्हणतात म्हणून काही जण जंताची गोळी घेऊन बसतात, त्यात जंत बिंत काही नसतो. इसब म्हणजे एक्झिमा, तो दाह आहे, बुरशी नाही. दोन्ही खाजतात, दोन्ही गोल असू शकतात.

नीट बघितलं तर फरक बऱ्याचदा दिसतो. गजकर्णाची कड जरा उचललेली असते, तिच्यावर बारीक खवले असतात, आणि गोल बाहेर बाहेर सरकत जातो तसा मधला भाग निवळत जातो. नाण्यासारख्या गोल एक्झिमाचा मात्र अख्खा गोल सारखाच बिघडलेला असतो, मधून पाणी सुटतं, वर पिवळसर खपली धरते. सोरायसिसचा चट्टा जाड आणि वर चांदीसारखे खवले, कोपर, गुडघा, डोकं या जागा त्याच्या आवडीच्या. पण हे पुस्तकातलं झालं, प्रत्यक्षात खाजवून खाजवून सगळं एकमेकांसारखं दिसायला लागतं, म्हणून डॉक्टर कडेचे खवले खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, केराटिन विरघळतं आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसले की प्रश्न मिटला. वेळ फारसा लागत नाही.

आता हे न करता स्टिरॉइड असलेली ट्यूब गजकर्णावर लावली तर काय होतं ते बघा. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश, कारण स्टिरॉइडने तिथली इम्युनिटी दाबली. बुरशी मात्र खाली आरामात पसरत असते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोराने परत, म्हणून पुन्हा ट्यूब, आणि हे चक्र महिनोन्महिने चालतं. हळूहळू ती ओळखीची कड पुसली जाते, खवले दिसेनासे होतात, याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष बदललेलं गजकर्ण, मग चांगल्या डॉक्टरांनाही नुसतं बघून ओळखणं अवघड जातं. वर जांघेत लावत राहिलात तर स्किन पातळ होऊन ताणल्यासारखे कायमचे पट्टे पडतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे, शेजारी अँटिफंगलचं नाव असलं तरीसुद्धा. स्टिरॉइड वाईट असं मी म्हणत नाही, एक्झिमाला ते बरोबर औषध आहे, फक्त डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं आणि तेवढेच दिवस.

आपल्या मराठी नावांचाही घोळ

अंगावर पित्त उठलं म्हणतो आपण, आणि मग पोटातल्या पित्ताची, म्हणजे ॲसिडिटीची गोळी घेतो. अंगावरचं पित्त म्हणजे अर्टिकेरिया, स्किनमधल्या मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटतं आणि गांधी येतात, पोटातल्या ॲसिडशी त्याचं थेट नातं नाही. इथे घरी करण्यासारखी एक साधी गोष्ट आहे, एका गांधीभोवती पेनने गोल काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. अर्टिकेरियाची गांधी 24 तासांच्या आत त्या जागेवरून गेलेली असते, नवीन दुसरीकडे उठली असेल ती वेगळी. जर तीच गांधी तिथेच असेल, खाजण्याऐवजी दुखत असेल आणि जाताना काळानिळा डाग ठेवत असेल तर रक्तवाहिन्यांची सूज असू शकते, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. आणि गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकायला लागला तर पेन शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

कोड आणि कुष्ठ हा घोळ सगळ्यात क्रूर. आयुर्वेदात कुष्ठ हा शब्द अनेक त्वचारोगांसाठी मिळून वापरलाय, त्यातूनच कोडाला श्वेतकुष्ठ म्हणायची पद्धत आली, आणि नुसत्या त्या शब्दामुळे माणसांना वाळीत टाकलं जातं. कोड म्हणजे व्हिटिलिगो, रंग बनवणाऱ्या पेशी इम्युनिटीने मारल्यामुळे पडलेले खडूसारखे पांढरे डाग, स्पर्शाने, एकत्र राहण्याने, कशानेच दुसऱ्या माणसाला लागत नाहीत. कुष्ठरोग हा मायकोबॅक्टेरियम लेप्री या जंतूने होतो, हॅन्सन यांनी 1873 मध्ये तो शोधला, त्याचे चट्टे फिकट किंवा लालसर असतात, एकदम पांढरे नसतात, आणि मुख्य म्हणजे तिथली संवेदना कमी झालेली असते. तोही औषधांनी पूर्ण बरा होतो. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, जरा कोरडे डाग बघून तर लगेच कोड कोड करू नका, ते बहुतेक वेळा पिटिरियासिस अल्बा असतं, एक्झिमाचाच सौम्य प्रकार. अंगावरची शिबं म्हणजे पिटिरियासिस व्हर्सिकलर, ते यीस्ट नावाच्या बुरशीमुळे. आणि पिटिरियासिस रोझिया मात्र बुरशी नाही, आपोआप जातो. पिटिरियासिस म्हणजे कोंड्यासारखे बारीक खवले, फक्त तेवढंच त्या शब्दात आहे.

नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर, चिठ्ठीवर हर्पीस वाचून घरात संशयाचं वातावरण होतं, पण ती कांजिण्यांच्याच व्हायरसमुळे येते, लहानपणी येऊन गेलेला तो व्हायरस मज्जातंतूंमध्ये झोपून राहतो आणि पुढे कधीतरी जागा होतो, लैंगिक संबंधांतून पसरणारा हर्पीस वेगळा. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस मध्ये तर हर्पीसचा व्हायरसच नसतो, तो ग्लुटेनशी, म्हणजे गव्हातल्या प्रोटीनशी जोडलेला आजार आहे.

लाल म्हणजे लाल दिसेलच असं नाही

एरिथेमा म्हणजे लाली असं लिहिलेलं असतं आणि फोटो गोऱ्या स्किनचे असतात. सावळ्या किंवा काळ्या स्किनवर तीच लाली जांभळट, करडी किंवा नुसती आजूबाजूपेक्षा गडद दिसते, त्यामुळे लाल नाही म्हणजे सूज नाही असं धरू नका, हात लावून बघा, गरम आहे का, जाड आहे का.

आणखी एक, डाग दाबल्यावर जातो की नाही हे बघा. काचेचा पारदर्शक ग्लास डागावर दाबायचा, रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आलेली लाली फिकी पडते, परप्युरा नावाचे डाग फिके पडत नाहीत, कारण त्यात रक्त वाहिनीच्या बाहेर आलेलं असतं. ताप आहे आणि न फिकटणारे डाग आहेत, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही.

सगळ्यालाच अलर्जी म्हणणं

अलर्जी टेस्ट केली, काही निघालं नाही, असं म्हणणाऱ्याला विचारा कुठली टेस्ट. प्रिक टेस्टचं उत्तर 15 ते 20 मिनिटांत मिळतं आणि ती तात्काळ उठणाऱ्या रिॲक्शनसाठी असते. हेअर डाय, निकेल, रबर यांच्यामुळे होणाऱ्या डर्मटायटिससाठी पॅच टेस्ट लागते, पाठीवर पट्ट्या लावतात, 48 तासांनी काढतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी परत वाचतात. एकीचं उत्तर दुसरीला लागू होत नाही. आणि रोज डिटर्जंटमध्ये हात घालून फुटलेली स्किन ही कित्येकदा अलर्जी नसतेच, इरिटंट डर्मटायटिस असतो, कितीही टेस्ट करा, काही निघणार नाही, ग्लोव्हज घाला.

डॉक्टरांकडे जाताना नाव शोधून नेऊ नका, वर्णन न्या. पहिला डाग कुठे आला, कधी, तो पसरला की जागा बदलली, खाजतो की दुखतो की बधिर आहे, घरात अजून कोणाला आहे का. फोटो उजेडात काढा, एक जवळून आणि एक लांबून, फ्लॅश बंद ठेवून. जे काही लावलं असेल ती ट्यूब बरोबर न्या, लाज वाटली तरी न्या, कारण आदल्या दिवसापर्यंत अँटिफंगल लावलेली असेल तर खरवडून केलेल्या टेस्टमध्ये बुरशी असूनही दिसत नाही.