टाळ का फसफसतात? गाण्यांचा फॉरमॅट बदलण्याआधी हे करा

गंगाखेडजवळच्या आमच्या गावात कार्तिकातला काकडा पहाटे चारला सुरू व्हायचा. पखवाजावर आजोबा आणि भोवती टाळकरी. चुलत्यांनी मारुतीच्या पारावर टेपरेकॉर्डर ठेवून एक साठ मिनिटांची कॅसेट भरून घेतली होती. पुढं ती शहरातल्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली. घरात पहिल्यांदा लावली तेव्हा आई म्हणाली, "पखवाज मामंजींचाच आहे, पण टाळ असे फसफस का करायलेत रे?"

दुकानातून आली होती ती १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट माहितीची, एमपीथ्री. फ्लॅक फॉरमॅट चांगला असतो असं ऐकून मी ती फ्लॅकमध्ये बदलली. फाइल पाचपट फुगली, टाळ मात्र तसेच फसफसत राहिले. तसं का झालं आणि काय करायला हवं होतं, ते इथं क्रमानं सांगतो.

आधी फाइल ओळखा

फाइलचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. वेव्ह, फ्लॅक आणि ॲपलचा एएलएसी यांत आवाजाचा कणही टाकून दिलेला नसतो. एमपीथ्री, एएसी आणि ओपस जागा वाचवण्यासाठी कानाला कळणार नाही असा अंदाज असलेला भाग कायमचा काढून टाकतात, नंतर फ्लॅक केली तरी तो परत येत नाही. नुसत्या नावावर जाऊ नका. 'एम४ए' नावाच्या फाइलमध्ये एएसीही असू शकतो आणि एएलएसीही. व्हीएलसी या मोफत प्लेयरमध्ये फाइल लावून कंट्रोल आणि जे दाबा, आत काय आहे ते दिसतं.

जागेचा हिशोब सोपा आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची तितकी मोजमापं), प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून १,४११ केबीपीएस. आमची तासाभराची कॅसेट अशी भरली तर साधारण ६३५ एमबी होते. फ्लॅकमध्ये ती बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास येते. ३२० ची एमपीथ्री १४४ एमबी, तर १२८ ची जेमतेम ५८.

टाळाचं काय होतं ते समजून घ्या

एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून काम करते. एक तुकडा १,१५२ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या सुमारे २६ भागांचा. तुकड्यात शांतता असेल आणि शेवटी टाळ खणकन वाजला, तर हिशोबातली चूक फक्त त्या खणक्यापुरती राहत नाही, ती तुकडाभर पसरते. मग टाळाच्या आधीच एक बारीक 'फस्स' ऐकू येतं. एमपीथ्रीत अशा वेळी छोटे तुकडे वापरायची सोय आहे, पण १२८ वर बिटांची इतकी ओढाताण होते की दहा-बारा टाळ एकदम वाजले की ती सोय पुरत नाही. शिवाय या दरावर १६ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे अगदी बारीक, आवाज सहसा कापूनच टाकतात. पखवाजाचा घुमारा खालच्या सुरांत असतो, म्हणून तो बराचसा वाचतो. आईच्या कानानं नेमकं हेच पकडलं होतं.

म्हणून कुठलाही फॉरमॅट पारखायचा असेल तर भजन लावा. टाळ, चिपळ्या आणि घुंगरू जितक्या लवकर खोट दाखवतात तितकी नुसती गायकी किंवा बासरी दाखवत नाही.

फ्लॅक खरी आहे का ते तपासा

ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात फाइल उघडा आणि ट्रॅकच्या मेनूतून 'स्पेक्ट्रोग्राम' निवडा. खाली खर्ज आणि वर बारीक आवाज, असं चित्र दिसेल. १६ किलोहर्ट्झच्या आसपास विळीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसली आणि वर नुसता काळोख असला, तर ती फ्लॅक एमपीथ्रीवरून केलेली असण्याचीच शक्यता जास्त. कॅसेटवरून केलेल्या फाइलमध्येही वरचे सूर कमीच असतात, पण ते हळूहळू विरत जातात आणि टेपची सरसर वरपर्यंत थोडी राहते. हा फरक डोळ्याला दोन-चार फायली पाहिल्या की कळायला लागतो.

मूळ प्रत एकदाच, नीट

मी कॅसेट पुन्हा शोधली. ती आईच्या ट्रंकेत गोधडीखाली होती. कॅसेट-डेकच्या लाइन-आउटमधून वायर थेट लॅपटॉपच्या लाइन-इनला दिली आणि ऑडॅसिटीत भरून घेतली. पातळी इतकी ठेवा की सर्वांत मोठ्या गजरालाही काटा लाल पट्टीला टेकणार नाही. एकदा आवाजाचा माथा कापला गेला की तोही परत येत नाही. ही प्रत फ्लॅकमध्ये ठेवा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९६ हजार नमुने) आणि २४ बिट अशा मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नका. १६ बिटमध्ये सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत जवळपास ९६ डेसिबलचा पल्ला मावतो आणि साध्या कॅसेटची स्वतःची सरसर त्याच्या कितीतरी वर असते. सरसर कमी करायचे प्रयोग करायचे असतील तर तेवढ्यापुरतं २४ बिट घ्या.

आता बदला, पण नेहमी मुळावरून

वेव्हची फ्लॅक, फ्लॅकची वेव्ह, असं कितीही वेळा केलं तरी काही जात नाही. एमपीथ्रीची एएसी केली की मात्र दुसऱ्यांदा काटछाट होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. मोबाइलसाठी प्रत हवी असेल तर प्रत्येक वेळी फ्लॅकवरूनच करा. 'फ्री-एसी' हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी पुरेसा आहे. एएसीला २५६, ओपसला १२८ ते १६०, एमपीथ्रीला ३२० ठेवा. एमपीथ्री आणि एएसी करताना नमुन्यांचा दर आहे तोच राहू द्या, उगाच ४४.१ किलोहर्ट्झचा ४८ करू नका; ओपस मात्र स्वतःच ४८ वर नेतो. आवाजाची सर्वांत वरची पातळी एखाद-दीड डेसिबल खाली आणूनच बदला, कारण एमपीथ्री वाजताना टोकं मुळापेक्षा थोडी वर जातात आणि काठोकाठ भरलेली फाइल फाटल्यासारखी वाजते.

ट्रॅक्टरवरच्या किंवा देवघरातल्या पेनड्राइव्ह-डब्याला फ्लॅक कळेलच असं नाही. तिथं एमपीथ्रीच बरी, त्यात कमीपणा काही नाही.

डोळे झाकून ऐका

मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, म्हणून दोन्ही फायलींची पातळी आधी सारखी करा. मग घरातल्या कुणाला तरी पाठमोरं बसून फायली लावायला सांगा, कुठली लावली ते बोलायचं नाही. बारा-पंधरा वेळा ओळखा आणि वहीत लिहा. निम्मी उत्तरं चुकली तर तुमच्या कानाला, तुमच्या स्पीकरवर, तो फरक नाही. ३२० ची एमपीथ्री आणि फ्लॅक यांत मला आमच्या काकड्यावर फरक ओळखता आला नाही. १२८ आईनं प्रत्येक वेळी ओळखली.

ही परीक्षा वायरच्या हेडफोनवर घ्या. ब्लूटूथवर फोन आधी फाइल उलगडतो आणि हवेतून पाठवण्यासाठी सहसा एसबीसी किंवा एएसीसारख्या काटछाटीच्या प्रकारात पुन्हा दाबतो. तिथं फ्लॅक लावली तरी स्पीकरपर्यंत पोचते ती बहुधा दाबलेलीच. रोजच्या ऐकण्याला ते चालतं, पारखायला नाही.

पाहुण्यारावळ्यांना पाठवताना

पुण्या-मुंबईतले भाऊबंद हमखास मागतात. व्हॉट्सॲपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे ती आहे तशी पोचते. स्पीकरवर लावून व्हॉइस मेसेजमध्ये भरून पाठवू नका, त्यात खोलीतल्या पंख्याचा आवाजही येतो आणि टाळ पुन्हा फसफसायला लागतात. आमच्या चुलतभावाला मी फ्लॅकच पाठवली. त्याचा रात्री फोन आला, दुसऱ्या अभंगात मागून कोण खोकतंय म्हणून. ते त्याचे वडील होते. पहिल्या फाइलमध्ये ते कुणालाच ऐकू आले नव्हते.